दोन काळांत चालणारी कादंबरी कशी वाचायची: धाडसी स्त्रियांच्या ऐतिहासिक कथांकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

या प्रकारातली पहिली कादंबरी मी साठाव्या पानावर मिटून ठेवली होती. १९४२ मधली एक मुलगी खोट्या कागदपत्रांवर रेल्वेत चढलेली, डब्याच्या दुसऱ्या टोकाला तपासणी सुरू झालेली, आणि पान उलटलं तर साठ वर्षांनंतरची कोणी बाई आईचं घर आवरत बसलेली. मला त्या मुलीचं काय झालं एवढंच हवं होतं. पुढचं पुस्तक घेतलं तेव्हा मी जुन्या काळाची प्रकरणं सलग वाचली आणि नव्या काळाची सगळी गाळली. शेवटच्या पानावर पोचले, तर त्यातल्या म्हातारीला रडू का कोसळलं ते मला कळलंच नाही. तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून, आहे त्या क्रमाने वाचलं आणि तेव्हापासून हा प्रकार माझ्या मनात घर करून बसला.

नवे वाचक बहुतेक याच दोन ठिकाणी अडतात, असं मी पाहिलं आहे. म्हणून मला जे उशिरा उमगलं ते इथे क्रमाने लिहिते.

आधी प्रकाराची ओळख. एकाच पुस्तकात दोन गोष्टी आळीपाळीने चालतात. एकीत जुन्या काळातली स्त्री, बहुतेक वेळा युद्धाच्या धामधुमीत, जिवावर उदार होऊन काहीतरी करते. दुसरीत नंतरच्या काळातली एखादी व्यक्ती, बऱ्याचदा स्त्रीच, तिचा माग काढते. दोघींच्या मध्ये एखादी वस्तू असते: पत्र, पदक, फोटो, किल्ली, अंगावरचा कपडा.

जवळ काय ठेवायचं:

- पुस्तक, शक्यतो छापील. मागची पानं चाळायची गरज या प्रकारात सतत पडते. ई-बुक असेल तर खुणा करायची सोय आधीच शिकून घ्या.
- छोटी वही आणि पेन्सिल.
- दोन वेगळ्या रंगांच्या खूणपट्ट्या, दोन काळांसाठी.
- जिथे गोष्ट घडते त्या प्रदेशाचा त्या काळातला नकाशा. युरोपच्या सीमा १९१४, १९३९ आणि १९४५ मध्ये वेगवेगळ्या होत्या. आजचा नकाशा दिशाभूल करतो.

१. पहिलं पुस्तक निवडताना दोन काळांतलं अंतर बघा

मलपृष्ठावर बहुतेक दोन्ही सालं दिलेली असतात. त्यांच्यातलं अंतर मोजा, कारण त्यावर वाचनाचा सगळा अनुभव ठरतो. केट क्विन यांच्या 'द अ‍ॅलिस नेटवर्क' या कादंबरीत १९१५ आणि १९४७ हे दोन काळ आहेत. मध्ये ३२ वर्षं, म्हणजे पहिल्या काळातली स्त्री दुसऱ्या काळात स्वतः हजर असू शकते, बोलू शकते, नकार देऊ शकते. तातियाना द रोने यांच्या 'साराज की' मध्ये १९४२ आणि २००२. साठ वर्षांनी साक्षीदार विरळ झालेले असतात. शोध घेणाऱ्याच्या हाती कागद, पत्ते आणि इतरांच्या आठवणी उरतात.

पहिल्यांदा वाचणाऱ्याने कमी अंतराचं पुस्तक घ्यावं, असं माझं मत आहे. एकच माणूस दोन्हीकडे भेटला की धागा सुटत नाही. आणि पहिल्याच खेपेला तीन-चार काळांचं पुस्तक घेऊ नका, कोणी कितीही वाखाणलं तरी.

२. प्रकरणाच्या डोक्यावरची ओळ गाळू नका

नाव, गाव, महिना, साल. ही ओळ डोळे आपोआप ओलांडून जातात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. नुसतं सालच नाही, महिनाही वाचा. पॅरिस, मे १९४० आणि पॅरिस, जुलै १९४० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण मध्ये १४ जूनला जर्मन सैन्य शहरात शिरलं. लेखिका हे दर वेळी समजावून सांगत नाही; ती तारखेवर विसंबते.

३. वहीत दोन रकाने आखा

डावीकडे जुना काळ, उजवीकडे नवा. प्रत्येक प्रकरणाला फक्त एक ओळ. घटना लिहीत बसू नका. वस्तू, नावं आणि न सुटलेले प्रश्न लिहा. उदाहरणापुरती एक गोष्ट रचून सांगते. डाव्या रकान्यात:

प्र. ३: मोठी बहीण निळ्या कोटाच्या अस्तरात कागद शिवते.
प्र. ५: कोट धाकटीच्या अंगावर. का?

उजव्या रकान्यात:

प्र. ४: आजीच्या कपाटात निळा कोट.
प्र. ८: अस्तर उसवलेलं, टाके कापलेले नाहीत, एकेक करून काढलेले. कोणी उसवलं?

एवढ्या चार ओळींत पुस्तकाचं कुलूप कुठे आहे ते दिसतं. घाईत कोणी अस्तर फाडलं नाही. सावकाश, हलक्या हाताने टाके काढले, म्हणजे काढणाऱ्याला वेळ होता आणि कोट जपायचा होता. चांगली लेखिका असला तपशील उगाच देत नाही. वहीत तो उतरला की दोनशे पानांनंतरही हाताशी राहतो.

नावांसाठी एक पान वेगळं ठेवा. या कथांमधल्या स्त्रियांना दोन-तीन नावं असतात आणि नवा वाचक त्यांना वेगवेगळ्या व्यक्ती समजून बसतो. हे कादंबरीकारांनी मुद्दाम अवघड केलेलं नाही, खरोखरच तसं होतं. नूर इनायत खान ब्रिटनच्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या गुप्त संघटनेची वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली तेव्हा तिचं सांकेतिक नाव होतं मादलेन, आणि खोट्या कागदपत्रांवर ती जान-मारी नावाची, लहान मुलं सांभाळणारी बाई होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लिल शहरातून हेरांचं जाळं चालवणारी लुईज द बेतिन्यी 'अ‍ॅलिस द्युबुआ' या नावाने वावरत होती. त्यातच लग्नानंतरचं आडनाव आलं की नातीला आजीचं मूळ नाव सापडायलाच अर्धं पुस्तक जातं. नात्यांचा छोटा वंशवृक्षही त्याच पानावर काढा आणि नवं काही कळलं की त्यात भर घाला.

४. नव्या काळाची प्रकरणं गाळू नका

जुन्या काळात गोळ्या सुटत असतात, नव्या काळात कोणी अर्काइव्हमध्ये फायली उघडत असतं. साहजिकच मन जुन्याकडे ओढ घेतं. पण या स्त्रियांच्या बाबतीत तो उशिराचा शोध हाही इतिहासच आहे. त्यांची कामगिरी लोकांसमोर आलीच मुळी उशिरा, तुकड्या-तुकड्यांनी, आणि कित्येकदा त्या गेल्यानंतर.

ब्लेचली पार्क घ्या. जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या या ब्रिटिश केंद्रात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला सुमारे नऊ हजार लोक काम करत होते आणि त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. सगळ्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केलेली. १९७४ मध्ये या कामाची जाहीर वाच्यता होईपर्यंत त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. कित्येक जणींचे आईवडील मुलीने युद्धात काय केलं हे न कळताच गेले. आता अशा घरातली लेक किंवा नात डोळ्यांसमोर आणा. आई रोज संध्याकाळी शब्दकोडं मिनिटांत सोडवते आणि कधीच बोलत नाही की हे कुठे शिकली. या घराची गोष्ट एका काळात सांगता येईल का? मला तरी वाटत नाही.

किंवा पॅरिसमधली १६ आणि १७ जुलै १९४२ ची धरपकड. सुमारे तेरा हजार ज्यू लोकांना पकडलं, त्यांत चार हजारांहून जास्त मुलं होती, आणि पकडणारे फ्रेंच पोलीस होते. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने या गुन्ह्यातली फ्रेंच राज्याची जबाबदारी जाहीरपणे मान्य केली १९९५ मध्ये. ५३ वर्षं. त्या घटनेवरच्या कादंबरीतला नवा काळ याच गप्प बसलेल्या वर्षांविषयी असतो: त्या घरात नंतर कोण राहायला आलं, त्यांना काय ठाऊक होतं, त्यांनी काय विचारलं नाही.

आणि व्हायोलेट साबो. तीही नूरच्याच संघटनेची. १९४५ च्या सुरुवातीला रावेन्सब्रुकच्या छळछावणीत तिला मारण्यात आलं. मरणोत्तर मिळालेला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान १९४७ मध्ये राजाच्या हातून घेतला तिच्या मुलीने. मुलगी चार वर्षांची होती. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसले होते. चार वर्षांच्या हातातलं ते पदक, आणि ती मोठी होताना दर वर्षी त्याचा बदलत गेलेला अर्थ. दुहेरी कालपटाची कादंबरी याच जागेवर उभी राहते.

वाचताना म्हणून एक सवय लावून घ्या. नव्या काळाचं प्रकरण सुरू झालं की स्वतःला विचारा: या व्यक्तीला आत्ता काय ठाऊक आहे आणि मला काय ठाऊक आहे? कधी तुम्ही तिच्या पुढे असता. कोटाच्या अस्तरात कागद होता हे तुम्हाला माहीत असतं आणि ती कोट गरिबांना वाटायच्या ढिगात टाकते. काळजात चर्र होतं ते तिथे. कधी ती तुमच्या पुढे असते: तिच्या काळात गावाच्या चौकात दोन बहिणींपैकी एकीचंच नाव दगडावर कोरलेलं असतं, आणि तुम्ही जुन्या काळात परतता ते त्या दोघींकडे बघतच.

५. धाडस कशात आहे ते हळूहळू ओळखा

नवे वाचक स्फोट, पाठलाग, सुटका अशा प्रसंगांची वाट बघतात. त्यांच्या मधली पानं त्यांना संथ वाटतात. या कथांचा गाभा मात्र त्या संथ पानांत असतो.

नूरचंच बघा. १९४३ च्या जून महिन्यात ती फ्रान्समध्ये उतरली. ब्रिटनने जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री वायरलेस ऑपरेटर. थोड्याच दिवसांत तिच्या जाळ्यातले सहकारी एकामागून एक पकडले गेले. परत येण्याची संधी तिला देऊ केली होती, ती तिने नाकारली. पुढचे साडेतीन महिने तिचं काम काय होतं? सुटकेसमध्ये बसवलेला वायरलेस संच घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात जाणं, खिडकीतून एरिअलची लांबलचक तार बाहेर सोडणं, मोर्समध्ये संदेश पाठवणं आणि संच आवरून निघणं. एका जागेवरून जास्त वेळ संदेश गेले की लहरींची दिशा मोजणाऱ्या जर्मन गाड्या माग काढत येत. रोज तेच, रोज वेगळ्या जागी. पाठलागाचं एकही दृश्य न लिहिता या दिवसांवर पन्नास पानं लिहिता येतील आणि वाचकाचा श्वास अडकेल.

ती चुकलीही. पाठवलेल्या संदेशांच्या प्रती तिने वहीत ठेवल्या होत्या, आणि ऑक्टोबरात ती पकडली गेली तेव्हा ती वही जर्मनांच्या हाती पडली. तिच्या संचावरून त्यांनी लंडनला खोटे संदेश पाठवले आणि त्या सापळ्यात इतर एजंट अडकले. स्वतः तिने मात्र चौकशीत काही सांगितलं नाही, सुटायचा प्रयत्न केला, आणि मग साखळदंडांत एकांतवासात राहिली. या दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या आहेत. नायिकेच्या हातून एकही चूक होऊ न देणारं पुस्तक मला अर्ध्यावरच पोकळ वाटायला लागतं.

दुसरी खूण: नायिकेला तिचा काळ आडवा येतो का? जुन्या पोशाखातली आजची बाई आणि त्या काळातली बाई यांत फरक करता आला पाहिजे. फ्रान्समध्ये स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ मध्ये मिळाला. नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करणं आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडणं विवाहित स्त्रीला शक्य झालं ते १९६५ च्या कायद्याने. म्हणजे १९४३ मध्ये जी गृहिणी पाडलेल्या विमानाचा वैमानिक तळघरात लपवते तिला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःचं बँक खातंही उघडता येत नाही. हे भान पानांमध्ये झिरपलेलं असेल तर तिच्या प्रत्येक निर्णयाचं वजन कळतं.

६. लेखिकेचं मनोगत शेवटीच वाचा, पण वाचाच

इथे दोन उलटसुलट चुका होतात. काही जण उत्सुकतेपोटी ते आधीच उघडतात आणि कोण जगलं, कोण फितूर झालं हे सगळं पहिल्या परिच्छेदात कळून बसतं. काही जण कादंबरी संपली म्हणून पुस्तक मिटतात. खरं काय, जोडलेलं काय, कोणती तारीख पुढे-मागे केली, दोन खऱ्या स्त्रियांचं मिळून एक पात्र कसं झालं, हे बहुतेक लेखिका तिथे प्रामाणिकपणे सांगतात.

कादंबरीतली गोष्ट इतिहास म्हणून कोणाला सांगण्याआधी ते मनोगत आणि एखादं चरित्र वाचा. खरा इतिहाससुद्धा सरळ नसतो. युद्धानंतर नूरच्याच विभागातली अधिकारी व्हेरा अ‍ॅटकिन्स जर्मनीत गेली आणि हरवलेल्या एजंटांचा माग काढत छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांची चौकशी करत फिरली. नूर नाट्झवायलरच्या छावणीत जुलै १९४४ मध्ये मारली गेली, असा तिचा काही काळ समज झाला होता. तिथे मारलेल्या चार स्त्रियांपैकी जी नूर समजली गेली ती वेगळीच होती, सोनिया ओल्शानेत्स्की. नूरला १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छावणीत मारलं. एका बाईच्या मृत्यूची जागा दुसरीच्या नावावर लिहिली गेली होती. कादंबरीत फाइल उघडणारी नात चुकीच्या निष्कर्षावर पोचली तर तिच्यावर चिडू नका.

७. जड पानांची तयारी ठेवा

रावेन्सब्रुक ही मुख्यतः स्त्रियांसाठीची छावणी होती, १९३९ मध्ये उघडलेली, आणि तिथून एक लाखाहून जास्त स्त्रिया गेल्या. या प्रकारातल्या पुष्कळ पुस्तकांची वाट तिथे किंवा तशाच कुठेतरी जाते. छळ, उपासमार, लहान मुलांचे मृत्यू येतात. मलपृष्ठ हे सांगेलच असं नाही. आपल्याला काय सोसवतं हे आधी ठरवा, आधी वाचलेल्या कोणाला तरी विचारून घ्या, आणि झोपण्यापूर्वी असली प्रकरणं घेऊ नका. मी नव्या काळाच्या प्रकरणाशी येऊन थांबते. तिथे निदान खोलीत दिवा असतो.

८. ऐकायचं असेल तर

ऑडिओबुकमध्ये दोन काळांना दोन वेगळे आवाज असतील तर उत्तम. एकच आवाज असेल तर पहिल्या पुस्तकासाठी हा मार्ग घेऊ नका.

९. संपल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा उघडा

पूर्ण पुस्तक पुन्हा वाचायची गरज नाही. फक्त नव्या काळाचं पहिलं प्रकरण वाचा, लगेच, त्याच बैठकीत. पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या निळ्या कोटाच्या गोष्टीत पहिल्या खेपेला आजी नुसती विसराळू वाटली होती. नातीने कपाट उघडलं आणि आजी म्हणाली, तो कोट राहू दे, थंडीचा आहे. बाहेर उन्हाळा होता. तेव्हा मी पुढे गेले होते. आता ते वाक्य वाचताना तिच्या बहिणीने कोट कोणत्या रात्री अंगावरून काढून हिच्या खांद्यावर टाकला ते मला ठाऊक असतं, आणि स्टेशनवर किती थंडी होती तेही.

मग वही उघडा. उजव्या रकान्यात 'कोणी उसवलं?' असं लिहिलेलं असतं. तो प्रश्न मी खोडत नाही. त्याच्या शेजारी पानाचा आकडा लिहिते.